माझ्या साडूंनी पेरलेलं घर

सोलापुरात घरं बांधणारे पुष्कळ झाले, पण घर पेरणारा माणूस या अख्ख्या जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघावा हा माझ्या पत्रिकेचा दोष. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको बहिणीला अक्का म्हणते म्हणून मीही अक्का म्हणतो, आणि झाडून सगळे साडूंना अण्णा म्हणतात म्हणून मीही अण्णा म्हणतो. अण्णा मूळचे मंगळवेढ्याकडचे. तिकडच्या माणसाला तुम्ही त्याच्या वाडवडिलांवरून बोललात तर तो एक वेळ ऐकून घेईल, पण त्याच्या काळ्या रानाला नावं ठेवलीत तर चहाचा कप अर्धा टाकून उठेल. "एका पावसावर ज्वारी येती आमच्याकडं. एका! पेरायचं आन् घरी जाऊन झोपायचं," हे वाक्य मी लग्नात अक्षता पडायच्या आधी ऐकलं, आणि त्यानंतर दर सणाला ऐकत आलो. नोकरी त्यांनी सोलापुरातच एका धान्याच्या गोदामात केली. काम एकच, पोत्यातली मूठभर ज्वारी काढायची, दोन दाणे दाताखाली फोडायचे आणि प्रत सांगायची. तीस वर्षं हे केल्यावर माणसाचा जगातल्या कुठल्याही गोष्टीवर तोंडात घातल्याशिवाय विश्वास बसत नाही. आमच्या घरी रंगकाम चाललं होतं तेव्हा त्यांनी चुन्याला बोट लावून चाटलं आणि "भेसळ हाय" म्हणून सांगितलं. रंगारी दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

अक्काला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे दार. भाड्याच्या दोन खोल्यांत तिचा संसार झाला. व्हरांडा सामाईक, आणि तिच्या दारातून पलीकडच्या तीन बिऱ्हाडांची जा-ये. कुणाच्या पोराची चप्पल, कुणाची सायकल, कुणाची सासू, सगळं तिच्या उंबऱ्यावर. "मला माडी नको, गॅलरी नको," ती म्हणायची, "आपलं एक दार पायजे. आतनं कडी लावली की जगाचं तोंड बंद." निवृत्ती जवळ आली तसे अण्णा जागा बघायला निघाले, आणि साक्षीदार म्हणून मला घेऊन गेले. शहराबाहेर एक नवी वसाहत पडत होती. वरच्या अंगाला मुरमाड माळ, खालच्या अंगाला ओढ्याकडची काळी जमीन. शहाणी माणसं वरचे प्लॉट धरून बसली होती, कारण मुरमावर घर जन्मभर हलत नाही हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खालच्या प्लॉटांकडे कुत्रं फिरकत नव्हतं. एजंट आम्हाला वर नेत होता आणि अण्णा खाली उतरत होते. ओढ्याजवळ जाऊन ते उकिडवे बसले. घराच्या किल्लीने माती उकरली, तळहातावर थुंकी लावून मळली, तिची वळी केली आणि बोटाभोवती गुंडाळून अंगठी करून दाखवली. "बगा पाव्हणं! तुटली का? आता वरच्या त्या मुरमाची करून दावा." मग चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटले. मला वाटलं, आता समाधी लागते. "हितंच," ते म्हणाले. एजंटने आनंदाने त्यांचे हात धरले. जी जमीन तो दोन वर्षं कुणाच्या गळ्यात मारू शकला नव्हता, ती एक माणूस चव घेऊन मागत होता.

मी म्हणालो, "अण्णा, इथं घर बांधायचंय. ज्वारी नाही."

"जितं ज्वारी येती तितं घर न्हाय येणार व्हय?" ते म्हणाले. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. मातीशी माझा संबंध चपलेला चिकटते तेवढाच.

मिस्त्री जुना जाणता होता. त्याने जागा बघितली आणि कपाळाला हात लावला. "काका, नक्को जी. ये मट्टी घर कू सोने नै देती," तो म्हणाला. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आटून बसते, घर तिच्याबरोबर वर-खाली होतं; तेव्हा खाली मुरूम लागेपर्यंत सगळी काढून टाका, बाहेरून मुरूम आणून भरा, आणि मग हवा तेवढा ताजमहाल बांधा, असं त्याने समजावून सांगितलं. अण्णांचा चेहरा कुणी सोयरीक मोडल्यासारखा झाला. "सोनं काढून दगड भरू व्हय?" मिस्त्रीने हात जोडले, मी हात जोडले, शेवटी अण्णांनी फार मोठ्या मनाने हातभर जास्त खोल जायची परवानगी दिली. पायाच्या खोदकामातून निघालेली मातीसुद्धा त्यांनी आवाराबाहेर जाऊ दिली नाही. घराभोवतीच पसरली आणि वर पाय देणाऱ्या गवंड्यांना ओरडत राहिले. थंडीच्या दिवसांत वास्तुशांत झाली. भिंती सरळ, दारं गुळगुळीत, अक्का दर पाच मिनिटांनी पुढच्या दाराची कडी लावून काढत होती. मी हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या, तीन वाट्या रिचवल्या आणि तारेत येऊन म्हणालो, "अण्णा, घर झकास झालं." हे वाक्य त्यांनी पुढे माझ्याविरुद्ध इतक्या वेळा वापरलं, की मी तेव्हापासून कुणाच्या वास्तुशांतीला तोंड उघडत नाही.

चैत्रात पहिली भेग पडली. अण्णा म्हणाले, प्लास्टरची हाय. वैशाखात तिच्यातून झुरळ आलं. मग भेगा अशा पडायला लागल्या की दुसऱ्या कुणी माणसाने डोकं धरलं असतं, पण गोदामात आयुष्य गेलेल्या अण्णांनी भेगांचं दफ्तर उघडलं. प्रत्येक भेगेवर काचेची बारीक पट्टी आडवी चिकटवली. पट्टी तडकली की समजायचं, भेग वाढली. शेजारी पेन्सिलीने तिथी, वार आणि शेरा. भिंत वाचत वाचत माणूस हॉलमधून मोरीपर्यंत जायचा. पुढे भेगा इतक्या झाल्या की ओळखायला नावं लागली, आणि नावं कुणाची, तर घरच्या माणसांची! खिडकीपासून निघून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबलेली एक भेग होती. "ही तुमी," अण्णांनी मला कौतुकाने दाखवली. "कुटनं बी निघू द्या, सैपाकघरापतूर येती आन् थांबती." माझ्या बायकोच्या नावाचीही एक होती. तिच्याबद्दल ते म्हणाले, "वरनं बारीक दिसती. आत किती खोल हाय, देवाला ठावं." बायको त्यांच्याशी तीन आठवडे बोलली नाही, आणि त्या तीन आठवड्यांत भेग खरोखर वाढली असं भिंतीवर नोंदलेलं आहे.

पाऊस लागला की माती फुगायची, चौकटी तिरक्या व्हायच्या आणि दारं अडकायची. अण्णांनी सुताराचा रंधा विकत आणला. पावसाळ्यात दारं तासायची, उन्हाळ्यात फट पडली की तीच दारं पट्ट्या ठोकून रुंद करायची, हा त्यांचा वार्षिक कार्यक्रम. घरात पाहुणा आला की आधी त्याला शिकवणी. "पुडच्या दाराला खांदा द्यायचा. न्हाणीचं दार वर उचलून लावायचं. मधल्याला लाथ, पर हळू." दारांवरून आपल्याला हवामान कळतं असाही त्यांचा दावा होता. न्हाणीचं दार घासायला लागलं की दोन दिवसांपूर्वी पाऊस पडून गेला असं नक्की समजायचं. ही माहिती खिडकीतूनही मिळाली असती, पण ती शास्त्रीय नव्हती.

आणि उन्हाळ्यात घराला पाणी! आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. लोक पिंपं, बादल्या, टोप, सापडेल ते भरून ठेवतात. अण्णा झारी घेऊन घराभोवती फिरायचे आणि भिंतीच्या कडेकडेने पाणी द्यायचे, पाळीपाळीने, आज उगवतीची बाजू, परवा मावळतीची. "वल तुटली की रान उलतंय," ते म्हणायचे, म्हणजे ओल गेली की जमीन भेगाळते. झाडाला पाणी घालणारी माणसं मी पाहिलीत, पिंडीला घालणारी पाहिलीत, घराला पाणी घालणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. वरच्या आळीचे लोक संध्याकाळी फिरायला निघाले की मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायचे. एकाने विचारलं, "काय अण्णा, मजला कधी फुटतोय?" अक्का एकदा मला म्हणाली, "मी दोन तांब्यांत अंग धुते, आन् ह्यांचं घर न्हातंय." ती हसत म्हणाली, पण तिचं दार आता उन्हाळ्यात लागत नव्हतं आणि पावसाळ्यात उघडत नव्हतं. ज्या एका गोष्टीसाठी तिने हा सगळा खटाटोप मागितला, ती सोडून बाकी सगळं तिला मिळालं होतं. हे मला दिसत होतं, आणि तरी मी भेगांवर विनोद करून हुग्गी खाऊन परत येत होतो, हे इथं कबूल करून टाकतो.

गेल्या भाद्रपदात पाऊस चार दिवस हटला नाही. अक्का स्वयंपाक करत होती आणि शेजारचं मांजर सारखं आत येत होतं. म्हणून तिने वैतागून स्वयंपाकघराचं दार दोन्ही हातांनी ढकललं. महिनोन्‌महिने न लागणारं ते दार त्या दिवशी लागलं. असं लागलं की चौकटीत रुतून बसलं. खिडकीला गज, मागे दुसरं दार नाही. अण्णा बाहेरून रंधा घेऊन धावले, पण लागलेल्या दाराला रंधा मारणार कुठे? मला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज अगदी शांत होता. मी वेल्डर घेऊन पोचलो, तर अण्णा दाराला तोंड लावून आत समजूत घालत होते, "जरा दम धर की. दोन दिस ऊन पडलं की आपसूक सुटंल." दोन दिवस! आतून नुसता फोडणीचा वास येत होता. वेल्डरने गज कापले. खिडकीतून अक्काने आधी आमटीचं पातेलं बाहेर दिलं, मग भाताचं, मग भाकरीची दुरडी, आणि मग स्टुलावर चढून, पदर खोचून, साठी ओलांडलेली ती बाई स्वतःच्या घरातून खिडकीवाटे बाहेर आली. तिने कुणाकडे बघितलं नाही. पुढून आत जाऊन पिशवीत दोन लुगडी भरली. ती दुधनीची आहे, चिडली की कानडीत जाते. "साकु," एवढंच म्हणाली, बास झालं. मग अण्णांना कळावं म्हणून मराठीत सांगितलं, "ही माती तरी घराखालनं जाईल, न्हायतर मी तरी गेले म्हणून समजा. दार एका हातानं उघडाय आलं की बोलवा." आणि माझ्या स्कूटरवर बसली. पातेली ओसरीवर तशीच राहिली.

आमच्याकडे आल्यावर पहिल्या दिवशी तिने आमच्या न्हाणीचं दार पाच-सहा वेळा नुसतंच उघडलं आणि लावलं. आत जायचं नव्हतं. एका बोटाने ढकलायची, लागायचं, ओढायची, उघडायचं. बायको आत जाऊन रडून आली. अण्णा रोज येत, जिन्यात बसत, कधी शेंगाची चटणी, कधी तिची विसरलेली औषधं देऊन जात. अक्का वरून विचारायची, "गेली का माती?" अण्णा खाली मान घालून निघून जात. असे बारा दिवस गेले. मग मीच बार्शीच्या एका इंजिनिअर बाईंना घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाई तरुण पण ठाम होत्या. भिंतीखालची माती एका वेळी दोन हात, दोन हात अशी काढायची, मुरमापर्यंत जाऊन काँक्रीट भरायचं, घराभोवतीची काळीही काढायची आणि सगळीकडून उताराची फरशी करायची, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. हे केलं तर घर राहील, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात स्वयंपाकघराची भिंत पडेल. "पण उन्हाळ्यात पाणी घालत होता ते बरोबर केलंत काका, त्यामुळंच इतके दिवस टिकलं," असं त्या जाता जाता म्हणाल्या. एरवी या वाक्यावर अण्णांनी वसाहतीत पेढे वाटले असते. आता त्यांनी भिंतीवरची एक तडकलेली काचेची पट्टी नखाने काढून हातात घेतली.

बाई गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "एवडी माती टाकायची कुटं?"

मी म्हणालो, "कुठंही टाका. मातीच आहे."

"मातीच हाय," ते म्हणाले. मग भिंतीकडे बघत, "वडलांच्या रानातला माझा वाटा इकून ही जागा घेतली, पाव्हणं. भावांनी आदीच इकलं हुतं, माझा तेवडा ऱ्हायला हुता. हिला दार पायजे हुतं. म्हणलं, वाटा जाऊ दे, माती तरी तशीच घिऊ." दोन वर्षं मी त्या मातीवर विनोद करत होतो, बायकोच्या सगळ्या माहेरात मिठमसाला लावून सांगत होतो, आणि या गृहस्थाने एकदाही तोंड उघडलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा करतो म्हणून मी आत गेलो, तर त्यांच्या घरात साखर कुठे ठेवतात हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं आयतं खाल्ल्याचा परिणाम.

काम सुरू झालं. माती वर यायला लागली, काळीभोर, ओलसर, लोण्यासारखी. आणि मग गंमत अशी झाली की वरच्या आळीचे ते शहाणे लोक एकेक करून खाली उतरायला लागले. कुणाच्या हातात घमेलं, कुणाकडे कुंडी, कुणाकडे सिमेंटचं रिकामं पोतं. त्यांची घरं खणखणीत उभी होती, पण अंगणातल्या मुरमात तुळससुद्धा जगत नव्हती. मजला कधी फुटतोय विचारणारा गृहस्थ तर दोनदा येऊन गेला. अण्णांनी कुणाला नाही म्हटलं नाही. प्रत्येकाला भरून दिली आणि वर बजावलं, "पाणी बेतानं घाला. ही पाणी धरून ठेवती, तुमच्या मुरमावानी वाहून घालवत न्हाय." उरलेली ट्रॉल्या भरून निघाली. ट्रॉली वळली की ते दुसरीकडे बघायचे. शेवटी त्यांनी बाईंना सांगून टाकलं, "आवारात सगळीकडं फरशी टाका. एक ढेकूळ दिसाय नगो."

फरशीच्या आदल्या दिवशी अक्का दार बघायला आली. पुढचं दार तिने एका बोटाने ढकललं. आत गेली. लावलं. आतून कडी लागली. आम्ही सगळे बाहेर, उंबऱ्यापाशी, वधूपरीक्षेला आल्यासारखे उभे. मग कडी निघाली, दार उघडलं, आणि तिने बघितलं तर अण्णा ओसरीवर, राहिलेल्या मातीच्या ढिगाकडे पाठ करून बसलेले. ती थेट इंजिनिअर बाईंकडे गेली. "बाई, भिंतीपासनं किती लांब माती असली तर चालंल?" बाई म्हणाल्या, त्या टोकाच्या कोपऱ्यात चालेल, तिथून घराला काही होत नाही.

"मग तेवडी पट्टी ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाली.

"नगं नगं," अण्णा गडबडून उठले, "पुन्ना दार..."

"मी इचारलंय त्यांस्नी. तुमी गप बसा."

आता त्या घराला सांगण्यासारखं काही राहिलेलं नाही. भेगा बुजवल्या, रंग दिला, माझ्या नावाची भेगही गेली. खोटं कशाला बोलू, मला जरा वाईट वाटलं. दारं एका बोटाने लागतात. या मार्गशीर्षात येळवशीला अक्काने आम्हाला बोलावलं. आमच्याकडे त्या अमावस्येला लोक रानात जाऊन पूजा करतात, तिथेच जेवतात. कोपऱ्यातल्या त्या पट्टीत, दोन बाजा मावतील एवढ्या जागेत, अण्णांनी ज्वारी पेरली होती. कणसं भरत आली होती. अक्काने दुधनीकडच्या रीतीप्रमाणे कडब्याची इवलीशी कोप, म्हणजे खोपटं, करून आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुना लावून मांडले होते, समोर मिसळीच्या भाजीची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि ताकातली आंबील. मी येताना 'बागायतदार' वगैरे दोन-तीन विनोद तयार करून आणले होते, ते खिशातच राहिले. पूजा झाल्यावर अण्णा आंबिलीचा तांब्या आणि कडुलिंबाचा डहाळा घेऊन पिकाभोवती शिंपडत निघाले. दहा पावलांत फेरी संपली आणि ते तिथेच थांबले.

"वडील शिंपडत निघाले की आमी पोरं मागनं पळायचो," ते म्हणाले. "फेरी पुरी व्हायच्या आत दमून बसायचो."

अक्काने उंड्याच्या परातीवरचं फडकं नीट केलं आणि मान वर न करता म्हणाली, "मग मारा की आणखी एक. कुणाला घाई हाय?"

अण्णांनी दुसरी फेरी धरली. मी त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि मागनं निघालो.